पाच सेकंद दाबून धरा

माझं अक्षर इतकं वाईट आहे की बँकेने माझी सही दोनदा नाकारली, आणि दोन्ही वेळा मला बँकेचंच म्हणणं पटलं. त्याची भरपाई म्हणून देवाने मला बोटं दिली. नाशिकच्या एका सरकारी कचेरीत मी बत्तीस वर्षं टंकलेखक होतो. मराठीत मिनिटाला पन्नास शब्द, तेही बोटांकडे न बघता. हे मी कुणी न विचारताही सांगतो. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा जिलबी वाढून होईपर्यंत हे कळलेलं असतं. निवृत्त झाल्यावर मी आठवणी लिहायला घेतल्या, म्हणजे टाइप करायला घेतल्या. हातात पेन धरलं की मला काही सुचत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं तर सुचतं, पण नंतर ते मलाच वाचता येत नाही.

या आठवणींचं पहिलं प्रकरण रिकामं होतं. मी अडीच वर्षांचा असताना आई तापाने गेली. तिचा एकही फोटो नाही. वडील तिच्याबद्दल कधी बोलले नाहीत आणि पुढे तेही गेले. आईला ओळखणारं आता एकच माणूस उरलं आहे, माझी थोरली बहीण, आक्का. आई गेली तेव्हा आक्का सोळा वर्षांची होती. घोटीच्या घरात तिचं लग्न ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली, की धाकटा भाऊ माझ्याबरोबर येईल. नवरी कडेवर भाऊ घेऊन सासरी आली, असं घोटीतली म्हातारी माणसं अजून हसत सांगतात. मला वाढवलं तिने, मारलं तिने, शाळेत घातलं तिने आणि टायपिंगच्या क्लासलाही तिनेच ढकललं, कारण माझं अक्षर तिने पाहिलं होतं.

आक्काने मला सगळं दिलं, फक्त आईबद्दल कधी काही सांगितलं नाही. विचारलं की "बघू रे" म्हणायची आणि उठून कामाला लागायची. लहानपणी मी रडून विचारलं, मोठेपणी रागावून विचारलं. साठ वर्षं एकच उत्तर. आणि गेल्या वर्षी दसऱ्यानंतर आठवड्याभराने तिचा अचानक फोन आला.

"भाऊ, शनवारी येते. आयचं सांगते तुला. लिहून घे. एकदाच सांगन, परत परत नाय जमायचं मला."

मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. तरी कारकुनी बुद्धी जागी होतीच. "आक्का, मोबाइलमध्ये तुझा आवाज भरून घेऊ का?"

"अजिबात नको. मी मेल्यावर वाजवत बसाल तुमी. लिहूनच घे. तुला येतं ना ते खटखट."

खटखट! माझ्या बहिणीने माझ्या कलेची दखल घेतली होती. मी फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं, की आक्का बोलेल त्या वेगाने मी शब्दन् शब्द उतरवणार आहे. बायको म्हणाली, "आधी त्यांना बोलू द्या म्हणजे झालं."

शनिवारी संध्याकाळी आक्का आली. सोबत नव्या तांदळाची पिशवी आणि गुडघ्याला लावायचं तेल. रविवारी सकाळी मी मिसळ आणली, कारण नाशिकात रविवारी पाहुण्याला मिसळ खायला घातली नाही तर शेजारीसुद्धा नावं ठेवतात. खाऊन झाल्यावर आक्काला खिडकीजवळची खुर्ची दिली, पाठीला उशी दिली, पाण्याचा तांब्या ठेवला. मग मी माझ्या टेबलाशी बसलो, मनगटं झटकली, बोटं मोडली आणि 'आई' असं टाइप केलं.

काही उमटलं नाही.

मी परत टाइप केलं, जरा जोरात. जुन्या टंकलेखकाला एवढंच कळतं, की अक्षर उमटत नसेल तर कळ जोरात मारायची. आमच्या कचेरीतल्या टाइपरायटरांना ते चालायचं. हा कीबोर्ड मात्र मुलीने माझ्या साठीला दिलेला, बिनतारी, पातळ, पापडासारखा. तो टेबलावरून घसरला, पण पडद्यावर अक्षर आलं नाही. तार असलेला जुना कीबोर्ड होता माझ्याकडे. नवा आला त्याच दिवशी मी तो भंगारवाल्याला देऊन टाकला होता, वर त्यालाही मिनिटाला पन्नास शब्दांचं सांगितलं होतं.

"आक्का, एक मिनिट हं," मी म्हणालो.

दसऱ्यापासून मी काही लिहिलंच नव्हतं. बातम्या वाचायला आणि जुने क्रिकेटचे सामने बघायला माऊस पुरतो, आणि माऊसला तार आहे. त्यामुळे कीबोर्ड कधीपासून रुसला होता याचा मला पत्ताच नव्हता. मी तो उलटा केला, खालचं बटण बंद करून चालू केलं. हिरवा दिवा लुकलुकला आणि लुकलुकतच राहिला. मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. त्याला चालू व्हायला चहा होण्याइतका वेळ लागतो, म्हणून चहा झाला. मग मी ठरवलं की सेल संपले आहेत. नवे सेल घरात नव्हते, तेव्हा भिंतीवरच्या घड्याळातले काढले. दहाला दहा कमी असताना घड्याळ थांबलं आणि त्यानंतर आमच्या घरात सकाळभर दहाला दहा कमीच होते.

"अहो, वही देऊ का?" बायकोने विचारलं.

"वही कशाला? दोन मिनिटांचं काम आहे."

"बरं. मी भाजी घेऊन येते. तोवर तुमची दोन मिनिटं होतील." ती पिशवी घेऊन गेली. जाताना तिने टेबलावर एक वही आणि पेन ठेवलं होतं. मी ते बाजूला सरकवलं, कारण कीबोर्ड उलटा करायला जागा हवी होती.

मग मी महात्मा गांधी रोडवरच्या आमच्या नेहमीच्या दुकानदाराला फोन लावला. भला माणूस आहे. रविवारीसुद्धा फोन उचलतो आणि माझी कटकट ऐकून घेतो.

"काका, कीबोर्डचा रिसीव्हर लावलेला आहे ना? छोटा काळा असतो बघा, मागे. नखाएवढा."

मला रागच आला. बत्तीस वर्षं यंत्रांत काढलेल्या माणसाला हा असं विचारतो! कॉम्प्युटरचं कॅबिनेट टेबलाखाली, पाठ भिंतीकडे. मी गुडघे टेकले, मग कोपरं टेकली, मग पालथा पडून सरपटत आत गेलो. हात मागे घातला. छोटं, काळं, नखाएवढं काहीतरी लागलं.

"आहे की! हा काय माझ्या हातात."

"मग काढून दुसऱ्या भोकात लावा."

माझ्या हातात होतं ते इंटरनेटचं होतं, हे मला नंतर कळलं. मी ते काढलं, दुसरीकडे लावलं, मग तिसरीकडे लावलं. या खटपटीत नेट तेवढं गेलं.

"भाऊ, सुरू करू का रे?" वरून आक्काचा आवाज आला.

"कर आक्का, कर. मी ऐकतोय."

साफ खोटं. माझं डोकं टेबलाखाली, कानाशी फोन, आणि आक्काच्या बाजूला माझे फक्त तळपाय. पण तिने सुरुवात केली. साठ वर्षं थांबलेलं बोलणं तिने माझ्या तळपायांना सांगायला सुरुवात केली.

"तुझी आय लय उंच व्हती. दारातून येताना वाकायची. आन् शीळ घालायची बघ. बाप्यांवानी. आवणीच्या वक्ताला खाचरात भात लावताना बाया गाणी म्हनायच्या, ही आपली शीळ. आजी लय शिव्या द्यायची तिला, बाईमाणसानं शीळ घालू नाय म्हनून..."

"काका, सेल उलटे नाहीत ना टाकले?"

"उलटे कसे टाकीन मी? मी काय आज ओळखतो का सेल?" मी फोनमध्ये ओरडलो. मग सरपटत बाहेर आलो, सेल पाहिले. एक उलटा होता. तो सुलटा केला आणि ही गोष्ट दुकानदाराला सांगितली नाही. हिरवा दिवा जरा जास्त उत्साहाने लुकलुकला. मी परत आत गेलो.

"...कनवटीला कायम पेपरमिंटच्या गोळ्या. तू रडला की एक गोळी दातानं फोडून अर्धी तुला, अर्धी तिला. मला नाय द्यायची. मी मोठी ना..." आक्का हसली. मी पण हसलो, पण मी हसलो कारण एक दिवा लागला होता. तो कॅबिनेटचा निघाला.

हे मला आज लिहितानासुद्धा लाजिरवाणं वाटतं. बहीण चालली होती तिच्या वेगाने आणि मी चाललो होतो माझ्या. ती पावसाळ्यापर्यंत आली. "मग तिला ताप भरला," असं म्हणाली. एरवी एवढं एक वाक्य ऐकायला मी घोटीपर्यंत चालत गेलो असतो. ते ऐकलं तेव्हा मी तोंडात टॉर्च धरून एक धुळीचा बोळा उपसत होतो.

"काका, आता शेवटचा उपाय," दुकानदार म्हणाला. "कीबोर्डच्या खाली एक बारीक बटण आहे. पाच सेकंद दाबून धरा. आधी सोडायचं नाही."

मी कीबोर्ड आत ओढून घेतला. बटण सापडलं. वरून आक्का बोलत होती, आवाज बारीक झाला होता. "शेवटच्या दिशी तिनं मला जवळ बोलावलं. तू मांडीवर निजला व्हता माझ्या. तिनं तुझ्या डोक्यावर हात ठिवला, माझ्याकं पाह्यलं आन् म्हनली..."

"एक," मी मोठ्याने मोजलं. "दोन. तीन. चार. पाच."

बटण सोडलं. दिवा लुकलुकला.

"झालं," वरून आक्का म्हणाली. तांब्या वाजला, ती पाणी प्यायली. "घेतलं का रे लिहून?"

"होतच आलंय, आक्का," मी टेबलाखालून म्हणालो. मला अजून काही कळलेलं नव्हतं. कपाळाला जाळी, हातात टॉर्च, आणि मनात एवढंच, की हा दुकानदार बिनकामाचा आहे.

बायको भाजी घेऊन आली, जेवणं झाली. घड्याळ दहाला दहा कमी दाखवत होतं म्हणून आक्काने माझं मनगट ओढून वेळ बघितली. तीनची गाडी पकडायची होती. निघण्याआधी देवाला नमस्कार करायला ती देवघराशी बसली. आमच्या देवघरातले टाक तिच्या ओळखीचे. ते वडिलांकडून तिच्याकडे आणि माझं घर झाल्यावर तिच्याकडून माझ्याकडे आले. ती नेहमी एकेकाला बोट लावून नमस्कार करते.

"भाऊ, हा काळा देव कोणता रे?" तिने विचारलं. "आपल्यात नव्हता हा."

मी पुढे होऊन पाहिलं. छोट्या ताम्हनात गणपतीच्या सुपारीशेजारी, अक्षतांवर, हळदीकुंकवाने माखलेलं, झेंडूची पाकळी ल्यालेलं, छोटं, काळं, नखाएवढं काहीतरी होतं.

खंडेनवमीला कचेरीत आम्ही टाइपरायटर पुसून त्यांची पूजा करायचो. ती सवय मी घरी चालू ठेवली आहे. या वेळी कॅबिनेट ओल्या फडक्याने पुसायचं म्हणून मी मागचा तो रिसीव्हर काढला होता. हरवू नये म्हणून पूजेच्या ताम्हनात सुपारीजवळ ठेवला होता, आणि पूजा झाल्यावर आरती, प्रसाद, सोनं लुटणं या गडबडीत साफ विसरलो होतो. ताम्हन तसंच देवघरात गेलं.

"मला वाटलं, तुम्हीच स्थापना केलीये," बायको म्हणाली. "तुमच्या यंत्राचा देव असेल म्हणून मी रोज हळदकुंकू वाहतेय. परवा दूध-साखरेचा नैवेद्यही दाखवला."

दोघी इतक्या हसल्या की आक्काला ठसका लागला. मी देव उचलला, पुसला, टेबलाखाली जाऊन जागेवर लावला. कीबोर्ड एका क्षणात जुळला. मी खुर्चीत बसलो, बोटं टेकवली आणि टाइप केलं. 'आई.' उमटलं. मिनिटाला पन्नास शब्दांचा माणूस आता तयार होता.

'आई उंच होती. आई शीळ घालायची. पेपरमिंटची गोळी दाताने फोडून अर्धी मला द्यायची.' तीन वाक्यं झाली आणि माझी बोटं थांबली. मग तिला ताप भरला. मग तिने आक्काला जवळ बोलावलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली. पुढे माझ्याजवळ एक, दोन, तीन, चार, पाच एवढंच होतं. आई शेवटचं जे बोलली ते मी माझ्याच तोंडाने आकडे मोजून घालवलं होतं. मला तेव्हा कुणी दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मागे वळून आक्काला विचारण्याची हिंमत झाली नाही. ती पिशवी भरत होती. मी कीबोर्डवर उगाच खटखट करत राहिलो, तिला वाटावं की मी लिहितोय.

महामार्ग स्थानकावर घोटीची गाडी लागायला वेळ होता. बाकावर आम्ही दोघं बसलो. तिने पिशवीतून शेंगदाणे काढून अर्धे माझ्या हातावर ठेवले. मला ते खाववेनात.

"आक्का, मी खोटं बोललो. मी काही लिहून घेतलं नाही. आई शेवटी काय म्हणाली ते मी ऐकलंच नाही."

"ठाऊक हाय," ती शेंगदाणे चावत म्हणाली. "आकडे मोजत व्हता ना तू. मला काय ऐकू येत नाय?"

"मग थांबली का नाहीस? चार शिव्या का दिल्या नाहीस?"

तिने तोंड गाड्यांकडे वळवलं. "थांबले असते तर परत तोंडातून निघालं नसतं," ती म्हणाली. "साठ वर्सं नाय निघालं. तू विचारायचा, मी तुझ्याकं बघायचे, आन् आवंढाच यायचा. तुझं तोंड तिच्यावर गेलंय, भाऊ. हुबेहूब. तिलाच तिचं मरण कसं सांगायचं? आज तुझं तोंड टेबलाखाली व्हतं, म्हनून बोलता आलं."

घरात फोटो नाही म्हणून मी आयुष्यभर कुढत आलो. रोज सकाळी आरशासमोर दाढी करताना मी कुणाकडे बघत होतो, ते मला त्रेसष्टाव्या वर्षी बसस्थानकावर कळलं. मी तिथेच रडलो, भर दुपारी, हातात शेंगदाणे घेऊन. शेजारचा माणूस सामान उचलून जरा लांब जाऊन बसला.

"गप," आक्का म्हणाली, माझ्याकडे न बघता. "भाऊबीजेला येते ना मी. ते आकडे लय जोरात मोजत व्हता तू, म्हनून गेलं. तवा ऐक नीट. परत सांगन. पन ते यंत्र तवा बिघडलेलं असू दे."

गाडी लागली. ती खिडकीत बसली, आणि गाडी हलेपर्यंत समोरच्या सीटच्या आडव्या दांड्याकडे बघत राहिली.

घरी आल्यावर मी टेबलाखाली शिरलो, रिसीव्हर काढला आणि देवघरात सुपारीशेजारी नेऊन ठेवला. बायकोने त्याला हळदकुंकू लावलं. मग तिने सकाळी काढून ठेवलेली ती वही आणि पेन मी टेबलाखाली, कॅबिनेटच्या मागे, पालथं पडल्यावर हाताला येईल अशा जागी ठेवलं. अक्षर लावायची अडचण येईल, पण ते नंतर बघू.